कोल्हापूर ते गणपतीपुळे एका दिवसात: आधी परतीची वेळ ठरवा

कोल्हापूरहून गणपतीपुळ्याला जाऊन त्याच दिवशी घरी यायचं असेल, तर कागदावर पहिली वेळ लिहायची ती निघायची नाही, समुद्रावरून उठायची. सकाळी किती वाजता निघायचं यावर घरात रात्री अकरापर्यंत चर्चा होते. परत कधी फिरायचं हे मात्र कुणी बोलत नाही, आणि दिवस बिघडतो तो तिथेच.

अंतर एका बाजूनं साधारण दीडशे किलोमीटर. नकाशा साडेतीन तास दाखवतो. कुटुंब सोबत असेल, एक चहा आणि एक लघुशंकेचा थांबा धरला, तर साडेचार तास धरावेत. मध्ये आंबा घाट आहे, आणि तो परतताना उजेडात चढून व्हावा हा या सगळ्या आखणीचा कणा. डिसेंबरच्या सुरुवातीला या किनाऱ्यावर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. गणपतीपुळ्याहून साखरप्याला यायला दोन तास, तिथून घाट चढून आंबा गावात यायला पाऊण तास. म्हणजे सहाच्या आत घाटमाथ्यावर असायचं तर किनाऱ्यावरून तीनला गाडी हलली पाहिजे. जानेवारी संपता संपता सूर्यास्त साडेसहापर्यंत सरकतो, मेच्या अखेरीस सात वाजून गेलेले असतात. मग सव्वाचारपर्यंत सूट मिळते.

याचा सरळ अर्थ असा की समुद्रातला सूर्यास्त आणि उजेडातला घाट हे दोन्ही एका दिवसात बसत नाहीत. सूर्यास्त बघायचाच असेल तर मुक्काम करा. एका दिवसाच्या सहलीत त्याचा नाद सोडा. त्या बदल्यात वेळेवर निघालात तर आंबा घाटाच्या वरच्या टप्प्यातून सगळं कोकण खाली पसरलेलं असतं आणि सूर्य त्याच बाजूला उतरत असतो. तोही सूर्यास्तच आहे, आणि घर तिथून जेमतेम सत्तर किलोमीटरवर असतं.

जाताना

पहाटे साडेपाचला निघा. शिवाजी पूल ओलांडून केर्लीमार्गे रस्ता धरला की रविवारी जोतिबाला आणि पन्हाळ्याला जाणाऱ्यांची गर्दी जमायच्या आत तुम्ही वाघबीळच्या पुढे गेलेले असता. चैत्र पौर्णिमेच्या जोतिबा यात्रेच्या आसपास हा रस्ता सहलीसाठी धरूच नये. पुढे बांबवडे, मलकापूर आणि मग आंबा. कोल्हापूर ते आंबा साधारण सदुसष्ट किलोमीटर, पावणेदोन तास धरा.

हा मिऱ्या-नागपूर महामार्ग. चौपदरीकरणामुळे रुंद, गुळगुळीत तुकडा संपतो आणि अचानक डायव्हर्शन येतं, हा या रस्त्याचा स्वभाव झाला आहे. रुंद तुकड्यावर नव्वदीचा वेग लागलेला असतो. पुढे बॅरल उभे केलेले, खडी पसरलेली आणि रस्ता निम्मा. पहाटेच्या अंधारात बॅरलवरची चमकपट्टी धुळीनं माखलेली असेल तर दिसतही नाही. साठ-सत्तरच्या वर जाऊन मिळणारी दहा मिनिटं इथे काही कामाची नाहीत.

नोव्हेंबर ते मार्च ऊसतोडीचा हंगाम. या काळात पहाटे आणि संध्याकाळनंतर खरा धोका ट्रॅक्टरचा. पुढे ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, दोन्हीही उसानं ओसंडलेल्या. मागच्या ट्रॉलीला दिवा नसेल तर हेडलाइटमध्ये आधी दिसतात ती उसाची लोंबणारी वाढी, म्हणजे शेंड्याची पानं, आणि ती दिसतात तेव्हा अंतर फार उरलेलं नसतं. ट्रॅक्टरचा वेग पंधरा-वीसचा, तुमचा सत्तरचा. ओव्हरटेक करताना ही एक गाडी नाही, तीन गाड्या आहेत असं समजून पुढचा रस्ता मोकळा बघा. ट्रॉलीच्या बाजूनं बाहेर आलेली कांडी आरशाला आणि काचेला लागतात, म्हणून अंगाला घासून जाऊ नका. उसाची मोळी रस्त्यावर पडलेली असेल तर दुचाकीवाल्यांनी ती चुकवावी. चाकाखाली ऊस गोल फिरतो आणि गाडी घसरते.

एक गोष्ट या मार्गाच्या बाजूनं आहे. सकाळी पश्चिमेला जाताना ऊन पाठीमागे असतं, दुपारनंतर पूर्वेला परततानाही पाठीमागेच. डोळ्यांवर ऊन येत नाही. पण समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर मात्र येतं, आणि त्याला तुमची गाडी नीट दिसत नाही. म्हणून सकाळी आठ-साडेआठपर्यंत आणि परतताना साडेचारनंतर दिवे डिपरवर चालू ठेवा, लख्ख उजेड असला तरी.

गाडी

तयारी आदल्या दिवशी करायची, आणि ती पंधरा मिनिटांची आहे. टायरमध्ये हवा थंड असताना भरा, म्हणजे गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसताना. किती भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या पट्टीवर असतो. त्यावर दोन रकाने असतात: कमी माणसांसाठी आणि भरलेल्या गाडीसाठी. पाच माणसं आणि डिकीभर सामान असेल तर दुसरा रकाना. चालून टायर तापले की हवेचा दाब तीन-चार पीएसआयनं वाढतो, तो पाहून वाटेत हवा सोडू नका. हवा कमी असलेला टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि भर उन्हात तोच फुटतो. स्टेपनीतली हवा तेव्हाच बघा. जॅक आणि पान्हा डिकीत आहे एवढं पुरेसं नाही. नट एकदा सैल करून बघा. यंत्रानं आवळलेले नट घरच्या पान्ह्यानं हलत नाहीत, हे घाटात कळून उपयोग नाही.

टायरच्या खाचांमध्ये आडवे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की खाच १.६ मिलिमीटर उरली, टायर संपला. पावसाळ्यात मात्र तीन मिलिमीटरच्या खाली गेलेला टायरही कोकणात नेऊ नये. पाणी बाहेर फेकायला खाचच उरलेली नसते.

ब्रेक ऑइल कधी बदललं होतं ते आठवत नसेल तर बदलायची वेळ झाली आहे. हे ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही; ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. घाट उतरताना ब्रेक तापले आणि ऑइलला उकळी फुटली की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. पायाखालचं पेडल मऊ पडून खाली जातं आणि गाडी थांबत नाही. शहरात वर्षभर कळत नाही तो दोष आंबा घाटाच्या उतारावर कळतो. दोन वर्षांनी एकदा हे काम करून घ्या.

कूलंटची टाकी दोन खुणांच्या मध्ये भरलेली हवी, वायपरचं रबर काचेवर रेघा ओढत नसावं, आणि काच धुवायच्या पाण्याची टाकी भरलेली असावी. इंधन कोल्हापुरातच पूर्ण भरा. सव्वातीनशे किलोमीटरला लिटरमागे पंधराच्या हिशेबानं बावीस लिटर, म्हणजे बहुतेक गाड्यांची एक टाकी पुरून उरते आणि वाटेत पंप शोधायचा विषय संपतो.

सीएनजीवाल्यांचं गणित वेगळं. टाकीत आठ-नऊ किलो गॅस मावतो, त्यावर जाऊन-येऊन होत नाही. रांगेत पाऊण तास गेला तर घाटाची वेळ चुकते. म्हणून पेट्रोलची टाकी निम्म्याच्या वर ठेवा आणि परतीचा घाट पेट्रोलवर चढवा. भरलेल्या गाडीत सीएनजीवर ओढ कमी पडते. बॅटरीच्या गाडीला घाटाची भीती जरुरीपेक्षा जास्त दाखवली जाते. दीड टनाची गाडी सहाशे मीटर वर उचलायला लागणारी ऊर्जा साधारण अडीच युनिट. वाया जाणारी धरली तरी तीन-साडेतीन. सपाटीवरच्या वीस-पंचवीस किलोमीटरएवढी. घाटात गाडी बंद पडण्यापेक्षा किनाऱ्याच्या बाजूला चार्जिंगची जागा भरलेली किंवा नादुरुस्त निघणं ही अडचण मोठी. त्यामुळे एकाऐवजी दोन जागा हेरून ठेवा आणि जेवणाची वेळ चार्जिंगला जोडा.

घाट

आंबा गावात थांबून चहा घ्या. गाडीचा थांबाही इथेच हवा, उतरायच्या आधी. पुढचे दहा-बारा किलोमीटर उताराचे आणि वळणांचे आहेत, चक्री वळणासारखी वळणं त्यात आहेत.

उतरायचा नियम एकच: जो चढ ज्या गिअरमध्ये चढला असता तो त्याच गिअरमध्ये उतरायचा. इथे बहुतेक ठिकाणी दुसरा, सरळ तुकड्यात तिसरा. इंजिन मोठ्यानं ओरडतंय म्हणून घाबरू नका, तेच गाडीला मागे खेचून धरतंय. ब्रेकवर पाय ठेवून घासत उतरू नका. वळणाआधी ठाम दाबा, वेग उतरवा, सोडा, वळण घ्या. घासत राहिलं की लायनर आणि डिस्क यांना थंड व्हायला वेळच मिळत नाही. ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल मोडला घेऊन गिअर खाली ओढा, सीव्हीटी असेल तर एल किंवा एस.

न्यूट्रल करून उतरल्यानं पेट्रोल वाचतं हा समज अजून गेलेला नाही. इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असताना इंजिन इंधन घेणं थांबवतं, कारण चाकंच त्याला फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू राहायला इंधन घेतंच. म्हणजे न्यूट्रलमध्ये पेट्रोलही जास्त जातं आणि ताबाही जातो. चावी बंद करून उतरणं तर जिवाशी खेळ आहे: दोन-तीनदा ब्रेक दाबला की बूस्टरची ताकद संपते, पेडल दगडासारखं होतं, आणि पॉवर स्टिअरिंगही जड पडतं.

करपट वास आला किंवा पेडल मऊ लागलं तर मोकळी जागा बघून थांबा. चाकावर पाणी ओतू नका. तापलेली डिस्क पाणी पडून वाकडी होते आणि मग प्रत्येक ब्रेकला स्टिअरिंग थरथरतं. हँडब्रेक ओढून ठेवण्यापेक्षा गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली दगड लावा. अर्धा तास तरी जाऊ द्या. निघताना दगड रस्त्यात सोडून जाऊ नका, मागून दुचाकी येते.

घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे. अरुंद ठिकाणी उतरणाऱ्यानं थांबायचं. वळणावर ओव्हरटेक नाही, हॉर्न वाजवायचा, आणि आपली बाजू सोडायची नाही. समोरून ट्रक किंवा एसटी येत असेल तर तिचं मागचं चाक वळणात आत येणार हे धरून चाला. तिला जागा सोडण्यात कमीपणा नाही.

गाडी लागणाऱ्यांसाठी: उलटी थांबवायची गोळी घाटाच्या तोंडाशी देऊन उपयोग नसतो, ती चढायला वेळ लागतो. घाट निघाल्यापासून पावणेदोन तासांनी सुरू होतो, म्हणून ती घरून निघतानाच द्या. लहान मुलांसाठी मात्रा डॉक्टरांना विचारून. या गोळ्यांनी झोप येते, गाडी चालवणाऱ्यानं त्या घ्यायच्या नाहीत. पोट रिकामं ठेवणं आणि मिसळीवर तर्री ओतून घेणं, दोन्ही वाईट. पोहे, उपमा, केळं असं काहीतरी हलकं खा. मोबाइलमध्ये बघणाऱ्या मुलांना आधी मळमळतं. मोबाइल काढून घ्या आणि काच थोडी खाली करा.

साखरपा ते पुळे

साखरप्यापासून हवा बदलते. दमट होते, माती लाल होते, रस्त्याच्या कडेला जांभ्याचे चिरे रचलेले दिसू लागतात. दाभोळे, नाणीज, मग पाली. पालीला मुंबई-गोवा महामार्ग लागतो आणि हातखंब्यापर्यंतचे काही किलोमीटर तोच रस्ता. हा तुकडा लहान आहे पण इथे जागं राहा. हातखंब्याच्या उतारावर अवजड वाहनं आणि टँकर उलटण्याचे प्रकार झालेले आहेत. उतारावर टँकरच्या पुढे-मागे चिकटून राहू नका. हातखंब्याला रत्नागिरीचा फाटा सोडून सरळ निवळीला जायचं आणि तिथून डावीकडे चाफेमार्गे गणपतीपुळे. निवळी-जयगड रस्त्यावर जयगड बंदराची मोठी वाहनं असतात. त्यांच्यामागे अडकलात तर अडकलात, दहा मिनिटं उशीर झाला असं समजा.

साडेपाचला निघालेला माणूस सव्वादहापर्यंत पुळ्यात असतो. हातात पावणेपाच तास. यात देवदर्शन, टेकडीची प्रदक्षिणा, समुद्र आणि जेवण एवढंच नीट होतं. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक एक-दोन किलोमीटरवरच आहे, ते जमवता येतं. जयगड किल्ला, रत्नदुर्ग, थिबा राजवाडा ही नावं यादीत असतील तर त्यातली दोन खोडा. सगळं बघायला गेलेली माणसं गाडीतच बसून राहतात.

पोचल्यावर पहिलं काम जेवण सांगून ठेवायचं. घरगुती खानावळीत अंदाजानं ताटं करून ठेवत नाहीत. सकाळी वाटेतूनच फोन केला तर उत्तम. उकडीचे मोदक तर सांगितल्याशिवाय मिळायचेच नाहीत, आणि मिळालेच तर सकाळचे गार. साडेबाराला पान वाढायला सांगा, म्हणजे दीडला हात धुतलेले असतात. गाडी चालवणाऱ्यानं आंबोळ्या, माशाचं कालवण, भात आणि वर दोन मोदक असं जेवून लगेच चाक धरू नये. त्यानं भात निम्मा घ्यावा, सोलकढी प्यावी आणि अर्धा तास डोळे मिटून पडावं. परतीच्या वेळापत्रकात हा अर्धा तास धरलेलाच हवा.

भरती-ओहोटी

समुद्रावर जायची वेळ घड्याळावर नाही, तिथीवर ठरवा. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहलीला एवढं पुरतं. भरतीपासून सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी.

आता हे तुमच्या वेळेला लावून बघा. तुम्ही किनाऱ्यावर असणार साडेदहा ते तीन. अष्टमी-नवमीला या वेळात ओहोटी असते, दुपारी बाराच्या पुढे-मागे सर्वांत खाली. शिवाय हे भांगाचे दिवस, पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. लहान मुलं घेऊन जायचं तर हे दिवस बरे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. सव्वाअकरानंतर पाणी उतरायला लागतं आणि सगळी दुपार ते जोरानं आत ओढत असतं.

आणि चतुर्थी. पुळ्याला सर्वांत जास्त गर्दी संकष्टीला, अंगारकीला तर विचारूच नका. चाराचे पाऊणपट तीन. म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास पाणी पार खाली गेलेलं असतं, किनारा रुंद दिसतो, आणि दर्शन उरकून माणसं दुपारी पाण्यात उतरतात तेव्हा समुद्र चढत असतो. जिथे उभं राहिल्यावर पाणी गुडघ्यापर्यंत होतं तिथेच तासाभरानं ते एक-दीड फूट वाढलेलं असतं. पायाखालची वाळू लाटेबरोबर सरकते, तळ एकदम उतरता होतो. गणपतीपुळ्याच्या समुद्रात आजवर बरेच जीव गेले आहेत, त्यात पोहता येणारेही होते. गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नका. जीवरक्षक शिट्टी वाजवत असेल तर वाद न घालता बाहेर या. मुलांचा हात धरलेला असू द्या आणि हात धरणारा मोठा माणूस मोबाइलवर फोटो काढत नसावा. लाट आत ओढायला लागली तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका. किनाऱ्याला समांतर सरका, ओढ अरुंद पट्ट्यातच असते. पुळ्याहून रत्नागिरीला जाताना लागणाऱ्या आरे-वारेला समुद्र पुळ्यापेक्षा शांत आहे असं समजू नका. तो बघायचा समुद्र आहे, उतरायचा नाही.

गाडी वाळूत नेऊ नका. ओहोटीची ओली वाळू सिमेंटसारखी टणक वाटते. गाडी उभी केली की वजनानं खालचं पाणी वर येतं आणि चाक बसतं. मग ॲक्सिलरेटर दाबला की चाक स्वतःचाच खड्डा खणतं. ट्रॅक्टर किंवा जेसीबी येईपर्यंत भरतीला सुरुवात झालेली असते, आणि खारं पाणी एकदा वायरिंगमध्ये गेलं की ती गाडी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

परत

माझ्या मते परतीला निवळीचा रस्ता धरू नये, आरे-वारेचा धरावा. गणपतीपुळे ते रत्नागिरी पंचवीस किलोमीटर, समुद्राला चिकटून. वाटेत वळणावर वर थांबलं की खाली दोन्ही किनारे एकदम दिसतात. तिथून रत्नागिरीला न रेंगाळता हातखंबा. अंतरात फारसा फरक नाही, वेळ मात्र वीस-पंचवीस मिनिटं जास्त, आणि तिथे उतरून बघणार तर आणखी वीस. म्हणजे हिवाळ्यात पुळ्याहून तीनऐवजी सव्वादोनला निघायला हवं. हे जमत नसेल तर निवळीनंच या.

एप्रिल-मेमध्ये हापूसची पेटी घेणार असाल तर ती बंद डिकीत उन्हात तापवू नका. पेटीवर सामान रचू नका, पेंढा तसाच राहू द्या, आणि पेटी मागच्या सीटखाली एसीची हवा लागेल अशी ठेवा. दीडशे किलोमीटर भट्टीत बसलेला आंबा बाहेरून चांगला दिसतो आणि आत कोयीजवळ बिघडतो.

घाट चढताना एसी जोरात, गाडी भरलेली आणि पुढे रखडणारा ट्रक असं जमून आलं की तापमानाचा काटा चढतो. आधी एसी बंद करा. तरी उतरला नाही तर हीटर पूर्ण चालू करा आणि काचा उघडा. इंजिनची उष्णता त्या वाटेनं बाहेर पडते. तेही पुरलं नाही तर थांबा, बोनेट उघडा आणि रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. दाबाखालचं उकळतं पाणी तोंडावर येतं. ट्रकमागे थांबून थांबून चढताना गाडी हाफ क्लचवर धरून ठेवू नका. हँडब्रेक ओढा, पुढे जागा झाली की सुटा. क्लच जळाल्याचा वास एकदा आला की खर्च पाच आकड्यांत जाऊ शकतो.

उजेडाचा एवढा आग्रह का, तर आंब्याच्या जंगलात गवे आहेत. गवा रस्त्यावर येतो तेव्हा त्याचं काळं अंग अंधारात मिसळून जातं. डिपरच्या उजेडात आधी दिसतात ते चार पांढुरके पाय, गुडघ्यापासून खाली मोजे घातल्यासारखे. वरचं हजार किलोचं धूड दिसेपर्यंत गाडी जवळ आलेली असते. एक गवा ओलांडून गेला की लगेच निघू नका, मागे कळप असतो. हॉर्न नको, प्रखर दिवे नकोत, उतरून फोटो तर नकोच.

उशीर झालाच तर घाट टाळायचा नाही, पण घाई टाळायची. साखरप्याला थांबून चेहरा धुवा, चहा घ्या, काच आतून-बाहेरून पुसा. खाऱ्या हवेचा पातळ थर काचेवर बसलेला असतो आणि समोरचे दिवे त्यात फाकतात. घाटात रेंज सगळीकडे मिळत नाही. नकाशा आधीच उतरवून ठेवा, घरी फोन साखरप्यातूनच करा. अडचणीत महामार्गाची मदत १०३३, रुग्णवाहिका १०८, बाकी सगळ्याला ११२.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर हाच कार्यक्रम वेगळा होतो. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबा घाटात दरडी कोसळल्या, रस्ता खचला आणि अवजड वाहतूक दीर्घ काळ बंद राहिली. तेव्हापासून जोराच्या पावसात इथे थांबून फोटो काढणं बंदच करावं. डोंगराकडून मातकट पाण्याबरोबर बारीक खडी रस्त्यावर येत असेल तर वर काहीतरी सुटतंय असं समजा आणि तिथून निघा. धुक्यात दिवे डिपरवर. अप्परचा उजेड धुक्यावरून परत आपल्याच डोळ्यांत येतो. चारही इंडिकेटर चालू ठेवून गाडी चालवू नका, मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय हेच कळत नाही.

दुसरी अडचण कोल्हापुरातच आहे. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, राजाराम बंधाऱ्यावर मोजलेली. रेडेडोह फुटला, म्हणजे त्या डोहापाशी नदी पात्र सोडून बाहेर पडली, की केर्लीच्या अलीकडे रस्त्यावर पाणी येतं आणि रत्नागिरीची वाट बंद होते. सकाळी जाताना रस्ता कोरडा होता म्हणून संध्याकाळीही असेल असं नाही. पातळी ३५ च्या पुढे असेल आणि धरणक्षेत्रात पाऊस चालू असेल तर निघूच नका.

आंबा बंद असेल तर अणुस्कुरा घाट उतरून राजापूरच्या बाजूला निघता येतं, पण तिथून पुळे इतकं लांब पडतं की एका दिवसाचा हिशेब मोडतो. अशा दिवशी बेत बदलून गगनबावड्याहून कोकणात उतरा आणि सिंधुदुर्गाचा एखादा किनारा धरा, किंवा पुढच्या रविवारी अष्टमीच्या आसपासची तिथी बघून पुन्हा आखा.